दिवाळीची झाडलोट मागच्या दारीही पोचू द्या

नवरात्र उलटले, की घराघरांत झाडलोटीला ऊत येतो. जळमटे निघतात, माळ्यावरची भांडी खाली येतात, गोधड्या-वाकळा उन्हात पडतात आणि भिंतींवर रंगाचा हात फिरतो. ही आपली फार चांगली चाल आहे. चार महिन्यांच्या पावसाने घरात शिरलेली ओल बाहेर काढण्याचा तो हक्काचा मुहूर्त असतो. पण हा सगळा उत्साह बहुधा पुढच्या अंगणापासून सुरू होतो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी संपतो. त्यापलीकडे, परसात, गुडघाभर गवत माजलेले असते. फुटक्या माठात पावसाचे पाणी साचलेले असते आणि कोपऱ्यात गंजक्या पत्र्याखाली खुराडे तसेच ओले, कुबट पडून राहते. तिकडे कोणी पाहुणा जात नाही, म्हणून आपलेही लक्ष जात नाही.

माझे मत मी आधीच सांगून टाकतो. दिवाळीच्या आधीचा एक पूर्ण दिवस परसाला द्यावा आणि त्यातला पहिला मान खुराड्याला असावा. पुढच्या दारच्या रंगापेक्षा मागच्या दारची कोरड घराच्या प्रकृतीला जास्त उपयोगी पडते. कार्तिकापासून पौषापर्यंत दवाखान्यात जी गर्दी होते, तिच्यातले बरेचसे दुखणे या परसातून आलेले असते, असे माझे इतक्या वर्षांचे निरीक्षण आहे.

आरोग्याच्या सदरात कोंबड्या कशाला?

आरोग्याच्या सदरात खुराड्याची चर्चा कशाला, असे काही वाचक म्हणतील. ज्यांच्या घरी मांसाहार नाही, ते तर पान उलटतील. त्यांना विनंती अशी, की जरा थांबावे. तुमच्या घरी कोंबड्या नसल्या तरी शेजारी असतील, आणि डास, उंदीर व धूर कुंपण पाळत नाहीत.

एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. शिवाय अ जीवनसत्त्व आणि बी-१२ असते. वाढत्या मुलाला आणि गरोदर बाईला दारातच मिळणारा इतका स्वस्त आणि पूर्ण आहार दुसरा क्वचितच असेल. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते; पण पाच-सहा कोंबड्या असल्या, की घरातल्या लेकराच्या वाट्याला अंडे येतेच. वर, आठवडी बाजारात चार अंडी किंवा एखादा कोंबडा विकून आलेला पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातात राहतो. औषधाची चिठ्ठी घेऊन जाताना कित्येक मायमाऊल्या तोच पैसा पदराच्या गाठीतून सोडताना मी पाहिल्या आहेत. म्हणून कोंबड्या मेल्या, की नुसत्या कोंबड्या मरत नाहीत. घरातले अंडे आणि औषधाचा पैसा, दोन्ही जातात.

याला दुसरी बाजूही आहे. आपल्याप्रमाणेच घरोघर चार-दोन कोंबड्या पाळणाऱ्या इथिओपिया देशातील खेड्यांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत कोंबड्या होत्या, त्या घरांतली मुले उंचीला सरस होती. पण जिथे रात्री कोंबड्या माणसांच्या खोलीतच कोंडल्या जात, तिथे हा फायदा दिसला नाही, उलट मुलांच्या वाढीला बाधा येते असे दिसले. रांगते मूल जमिनीवरचे सगळे तोंडात घालते. कोंबडीच्या विष्ठेतले जंतू त्याच्या पोटात जातात, सतत जुलाब-मोडशी सुरू राहते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. थोडक्यात, कोंबडी घरची असावी; पण घरात नसावी. आपल्याकडे थंडी पडली, की मांजर नि मुंगसाच्या भीतीने आणि गारठ्याच्या काळजीने डालगे उचलून स्वयंपाकघरात किंवा पोरांच्या अंथरुणाशेजारी आणून ठेवतात. ही सवय मोडायची असेल, तर बाहेरचे खुराडे थंडीला पुरे पडेल असे करणे भाग आहे. आणि ते काम थंडी पडायच्या आधी, म्हणजे आत्ता, करावे लागते.

आधी परस कोरडे करा

पहिले काम गवताचे. पावसाळ्यात माजलेले गवत आणि झुडपे घरापासून दूरवर कापून काढावीत. त्या गवतात स्क्रब टायफस पसरवणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांची पिले असतात. २०१८ साली नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत या तापाने बरेच रुग्ण दगावले. तापाबरोबर अंगावर, विशेषतः काखेत किंवा जांघेत, चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. वेळेवर ओळखला, तर साध्या गोळ्यांनी हा ताप बरा होतो. गवत कापताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि काम झाल्यावर आंघोळ करून कपडे धुवायला टाकावेत.

दुसरे काम पाण्याचे. फुटके माठ, जुने टायर, नारळाच्या करवंट्या, पन्हळीत अडकलेला पाचोळा, आणि हो, कोंबड्यांचे पाण्याचे भांडे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. भांडे आतून काथ्याने घासावे लागते. कोंबड्यांचे पाणी रोज बदलावे, आणि घरातली-परसातली सगळी भांडी आठवड्यातून एकदा घासून उन्हात पालथी घालावीत. डासांचा आणखी एक उद्योग आहे. कोंबड्यांच्या तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती फोड येऊन त्या आंधळ्या होतात, त्या ‘देवी’ रोगाचा प्रसारही डास करतात. म्हणजे डासाला हटवले, की पोर आणि कोंबडी दोघेही वाचतात.

तिसरे काम उंदरांचे. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतो आणि उंदरामागे नाग, घोणस, मण्यार येतात. जळणाचा ढीग, विटांची चळत आणि कडबा भिंतीला टेकून ठेवू नये; हातभर जागा सोडून, जमिनीपासून उंच रचावा. कोंबड्यांना दाणा मोजून घालावा आणि रात्री तो परसात पडू देऊ नये. अंधारात खुराड्यात हात घालण्यापूर्वी बॅटरी मारून पाहावे. अंडे काढायला गेलेल्या हाताला सर्पदंश झाल्याच्या घटना खेड्यात नव्या नाहीत. तसे झालेच, तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठावा.

थंडीने नव्हे, ओलीने आणि कोंडीने

आता खुराड्याकडे वळू. आपला समज असा, की हिवाळ्यात कोंबडी गारठून मरते. कोंबडीचे अंग आपल्यापेक्षा तापट असते. तिचे तापमान ४१ ते ४२ सेल्सिअस असते आणि वर पिसांची दुलई असते. निफाडसारख्या ठिकाणी पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, तिथेदेखील धडधाकट मोठी कोंबडी कोरड्या जागेत थंडी काढते. तिला मारते ती ओल आणि कोंदट हवा. आपण मात्र नेमके उलटे करतो. थंडी लागू नये म्हणून खताच्या पिशव्या आणि प्लॅस्टिक लावून खुराडे चारी बाजूंनी बंद करतो. रात्रभर दहा पक्ष्यांच्या श्वासाची वाफ आत कोंडते, पहाटे पत्र्याला थेंब लागतात आणि खालची विष्ठा ओली होऊन तिचा अमोनिया डोळ्यांत नि श्वासनळीत जातो. सकाळी दार उघडताच आपल्या नाकात झिणझिण्या आल्या, तर रात्रभर आत बसलेल्या पक्ष्याचे काय झाले असेल, याचा विचार करावा.

करायचे ते असे. गळका पत्रा आधी बदलावा किंवा बुजवावा. खुराडे मेढींवर, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे. जुना थर खरवडून काढून, जागा दोन दिवस उन्हात वाळू द्यावी आणि भिंतींना, फटींना चुना लावावा. हे काम करताना नाकातोंडाला फडके बांधावे, कारण वाळलेल्या विष्ठेची धूळ दमेकऱ्याला फार त्रास देते. मग तळाला दोन-तीन इंच वाळका पाचोळा, भाताचे तूस किंवा शेंगांची टरफले पसरावीत. हा थर अधूनमधून हलवावा आणि ओला झालेला भाग काढून टाकावा. थंड वारा बहुधा उत्तरेकडून येतो. त्या बाजूला गोणपाट लावावे. मात्र छपराखाली वीतभर फट उघडी ठेवावी. पूर्वेची बाजू मोकळी असली, की सकाळचे ऊन आत येते, त्यासारखे औषध नाही. बसायला बांबूची आडवी काठी द्यावी. एका कोपऱ्यात पाटीभर कोरडी माती आणि चुलीची थंड राख ठेवावी. तिच्यात लोळून कोंबड्या अंगावरच्या उवा झटकतात.

या दिवसांत कोंबड्यांची पिसे झडतात आणि अंडी कमी होतात. त्याने घाबरून जाऊ नये, की तिची रवानगी लगेच हंडीत करू नये. नवी पिसे येण्याला प्रथिने लागतात. शिवाय भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. संध्याकाळी मूठभर बाजरी किंवा मका जास्त घालावा, शेवग्याचा पाला द्यावा. पण बुरशी आलेला मका किंवा काळवंडलेली शेंगदाण्याची पेंड ‘माणसाला नको तर कोंबडीला’ म्हणून कधीही घालू नये. त्या बुरशीचे विष यकृत खाते.

अपवाद फक्त पिलांचा. पहिल्या आठवड्यात पिलांना ३५ सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. खुडूक कोंबडी ती स्वतः देते. कोंबडी नसेल, तर विजेचा दिवा जपून टांगावा. पण कोळशाची शेगडी बंद जागेत ठेवू नये. शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तो पिलांना मारतो आणि शेजारच्या खोलीत निजलेल्या माणसांनाही झोपेतच मारू शकतो. बाळंतिणीच्या खोलीत खिडक्या लावून शेगडी ठेवणाऱ्या घरांनीही हे लक्षात घ्यावे.

पाचोळा जाळू नका

झाडून काढलेला पाचोळा कोपऱ्यात लोटून संध्याकाळी पेटवून देणे, ही आपली जुनी खोड. हिवाळ्यातली गार हवा जमिनीलगत थिजल्यासारखी असते. धूर वर न जाता आळीभर पसरतो. त्यात प्लॅस्टिकची पिशवी असली, की मग विचारायलाच नको. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर धापा टाकणारे आजोबा आणि खोकून बेजार झालेली पोरे बसलेली असतात. ज्या पाचोळ्याला आपण काडी लावतो, तोच खुराड्याच्या तळाला सर्वांत चांगला. दोन महिन्यांनी तो विष्ठेसह काढून खड्ड्यात टाकला आणि आणखी दोन-तीन महिने कुजू दिला, की वांगी-मिरचीला उत्तम खत होते. ताजी विष्ठा मात्र मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकू नये.

मानमोडी आणि आळीची एकजूट

हिवाळ्याच्या तोंडाशी सर्वांत मोठे भय मानमोडीचे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही आपल्या लोकांनी हेच नाव दिले होते, यावरून शब्दाची दहशत कळावी. कोंबड्यांची मानमोडी म्हणजे रानीखेत रोग. हिरवट जुलाब, घरघर, वाकडी होणारी मान, आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे. यावर औषध नाही. लस मात्र आहे आणि ती स्वस्त आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लस टोचतात. मोठ्या कोंबड्यांना पुढे केव्हा द्यायची, ते पशुवैद्यकांना विचारावे. जंताचे औषध त्याआधी आठवडाभर द्यावे. लस बर्फावर आणावी, एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी, आणि ब्लीचिंग पावडर टाकलेले पाणी तिच्यासाठी वापरू नये.

मग लोक लस का देत नाहीत? कारण साधे आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची लस असते आणि एका घरी कोंबड्या असतात आठ. आठ कोंबड्यांसाठी कुपी फोडायला कोणी तयार होत नाही. याला उपाय एकच, तो म्हणजे आळीने एकत्र यायचे. पंधरा घरे मिळाली, की कुपी सार्थकी लागते आणि प्रत्येकाच्या वाट्याला किरकोळ खर्च येतो. शिवाय शेजारच्या खुराड्याला लस नसेल, तर आपल्या खुराड्याला सुख नाही. गणपतीची वर्गणी आपण घरोघर फिरून गोळा करतोच. बचत गटांनी मनावर घेतले, तर गावच्या कोंबड्यांची लस एका सकाळी उरकेल. ग्रामपंचायतीने दिवाळीआधीचा एक दिवस ठरवून दवंडी द्यावी आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तसे आधी कळवावे. बाजारातून नवा पक्षी आणला, तर तो दोन आठवडे वेगळा ठेवून मगच कळपात सोडावा.

लपवू नका

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक. कोंबड्या पटापट मरू लागल्या, की जी अजून जिवंत आहे ती कापून खायची, आणि मेलेल्या नाल्यात किंवा ओढ्यात फेकायच्या, असा प्रकार सर्रास चालतो. गरिबाला नुकसान सोसत नाही, हे मला समजते. पण आपल्या देशात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला, तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, तेव्हाही कारण तेच निघाले. दोन्ही वेळा ऋतू हिवाळ्याचा, पाहुण्या पक्ष्यांचा. हा रोग माणसाला सहजासहजी होत नाही. झाला, तर मात्र जीव जाऊ शकतो. २०२१ मध्येच आपल्या देशात त्याने एका मुलाचा बळी घेतला.

म्हणून एकाच वेळी तीन-चार पक्षी मेले, तर उघड्या हाताने त्यांना शिवू नये, सोलू नये. पोरांना दूर ठेवावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. रोग पसरू नये म्हणून शासनाने पक्षी मारले, तर त्यांची भरपाई देण्याची तरतूद आहे. आपोआप मेलेले पक्षी लपवून ठेवणाऱ्याच्या हाती मात्र काहीच येत नाही. आणि त्यानंतर घरात कोणाला ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना ‘आमच्या कोंबड्या मेल्या होत्या’ हे न विचारता सांगावे. पुष्कळ रुग्ण ही गोष्ट कमीपणाची वाटून दडवतात. नीट शिजवलेले अंडे आणि मटण-कोंबडी यांना भ्यायचे कारण नाही. कच्चे अंडे दुधात फेटून पिण्याची हौस मात्र सोडावी, आणि खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवावेत.

काही जाणती मंडळी म्हणतील, की आमच्या आजोबांच्या काळी कोंबड्यांना कोण लस देत होते, कोण चुना लावत होते? खरे आहे. पण तेव्हा कोंबड्या रात्री शेवग्यावर, चिंचेवर बसत. त्यांना मोकळी हवा मिळे. आज घरे दाटीवाटीची झाली, परस चार हातांचे राहिले आणि कोंबडी पत्र्याच्या पेटीत आली. जागा बदलली, तर रीतही बदलायला हवी.

या सगळ्याला खर्च किती? थोडा चुना, एक गोणपाट, दोन बांबू, लसीचा वाटा आणि एका दिवसाची मेहनत. ही मेहनतही एकट्या बाईच्या अंगावर टाकू नये. अंडे सगळे खातात, तर खराटाही सगळ्यांनी धरावा. येत्या रविवारी घरातल्या पुरुष मंडळींनी चहा झाल्यावर मागचे दार उघडावे आणि विळा घेऊन गवतापासून सुरुवात करावी. दिवाळीला पणती लावाल, तेव्हा एक परसातही लावा. मात्र ती गवताजवळ किंवा खुराड्याच्या फार जवळ ठेवू नका.